पाळण्यातलं नाव : गुलाब



आज नावाबद्दल बोलायचं आहे, तर सुरुवात आपल्या गावाच्या नावापासूनच करू. आपण चांदूरच्या. पण बाहेरगावी नुसतं चांदूर म्हटलं की समोरची बाई विचारतेच, "कोणतं चांदूर? रेल्वे का बाजार?" एकाच अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर, दोन्ही तालुक्याची गावं. घोळ होऊ नये म्हणून आपल्या गावाला 'रेल्वे' चिकटली आणि त्या गावाला 'बाजार'. मुंबईकडून निघालेली लोहमार्गाची लाईन १८६७ साली नागपूरला पोचली, त्या लाईनवर आपलं गाव. म्हणून आपण रेल्वेवाल्या.

आता यातला 'रेल्वे' शब्द इंग्रजी आणि 'बाजार' शब्द फारसी, म्हणजे इराण देशाच्या भाषेतला. पण एसटीची पाटी वाचताना आपल्या मनात कधी येतं का, की हे शब्द परके आहेत? येत नाही. पाटी वाचायची, बसमध्ये चढायचं, जागा मिळाली तर बसायचं.

मग माणसाच्या नावाच्या वेळीच हा प्रश्न का येतो? हे सगळं आठवायचं कारण एका श्रोत्या ताईंचा फोन. त्या म्हणाल्या, "ताई, मी आत्या झाली. भावाले पोरगी झाली." आम्ही अभिनंदन केलं. पण आवाज काही आनंदाचा नव्हता. हळूहळू त्यांनी सगळं सांगितलं.

बाळाचा जन्म धनिष्ठा नक्षत्रावरचा. पंचांगात त्या नक्षत्राला गा, गी, गु, गे ही अक्षरं येतात. ताईंच्या आईचं, म्हणजे बाळाच्या आजीचं नाव गुलाब. ताईंनी मनात ठरवून टाकलं, नातीच्या कानात आजीचंच नाव सांगायचं. भाऊ तयार, वहिनी तयार. बारशाच्या दिवशी पाळणा सजला, बायका जमल्या, घुगऱ्या झाल्या. आणि ऐन वेळेला नात्यातल्या एकानं म्हटलं, "हे नाव आपलं नव्हे. मुसलमानी नाव आहे. आजकाल असं नाव कोणी ठेवते का?" दुसऱ्यानं म्हटलं, "आणि किती जुनाट! शाळेत पोरं हसतील."

बारसं थांबलं नाही. पण कानात नाव सांगितलं गेलं 'छकुली', आणि खरं नाव मागाहून ठरवू असं ठरलं. ताईंना जास्त लागलं ते पुढचं. त्यांची आई कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. सत्तर वर्षं जे नाव वागवलं, त्याबद्दल ती बुढी माय म्हणाली, "पोरीले माहं नाव नोका ठेवू. चांगलं नवं काही ठेवा."

ताईंचा प्रश्न होता : "हे नाव कोठचं आहे? त्याचा अर्थ काय? माह्या मायले कोणीतरी नीट सांगा."

आम्ही लगेच उत्तर दिलं नाही. गुलाब म्हणजे गुलाबाचं फूल, एवढंच आम्हालाही ठाऊक होतं. मग पुस्तकं पाहिली, जाणत्या माणसांना विचारलं. जे कळलं ते आज त्या ताईंसाठी, त्यांच्या आईसाठी आणि आपणा सगळ्यांसाठी.

आधी अर्थ पाहू. 'गुलाब' हा दोन शब्दांचा जोड आहे : गुल आणि आब. फारसीत 'गुल' म्हणजे फूल, त्यातही विशेष करून गुलाबाचं फूल. 'आब' म्हणजे पाणी. म्हणजे गुलाब या शब्दाचा मूळ अर्थ फूल नव्हेच, फुलाचं पाणी. आपण ज्याला गुलाबपाणी म्हणतो, ते! इराणमध्ये आजही 'गुलाब' म्हटलं की बाटलीतलं गुलाबपाणीच समोर येतं, आणि फुलाला म्हणायचं झालं तर 'गुल' म्हणतात. आपल्याकडे पाण्याचं नाव फुलाला लागलं. मग पाण्याला काय म्हणायचं, म्हणून पुन्हा एक 'पाणी' जोडलं. त्यामुळे गुलाबपाणी म्हणजे शब्दशः फूल-पाणी-पाणी. लग्नात गुलाबदाणीतून अंगावर शिंपडलं जातं ना, ते.

हे पाणी काढायची रीतही समजून घेण्यासारखी आहे. पहाटे तोडलेल्या पाकळ्या मोठ्या तांब्याच्या भांड्यात पाण्यासोबत उकळतात. झाकण घट्ट लावतात. वर आलेली वाफ नळीतून दुसऱ्या थंड भांड्यात नेतात. तिथे वाफेचं पुन्हा पाणी होतं, आणि पाकळीचा वास त्या पाण्यात उतरलेला असतो. इराणमध्ये काशान शहराजवळच्या कमसर गावात दर वसंतात हे काम चालतं, आपल्याकडे उत्तर प्रदेशातलं कनौज अशा अत्तर-गुलाबपाण्यासाठी प्रसिद्ध आहे. एका बाटलीसाठी ढीगभर पाकळ्या लागतात. तेव्हा ज्या आईबापांनी पोरीचं नाव गुलाब ठेवलं, त्यांनी जाणता-अजाणता तिला फुलाचा अर्कच म्हटलं आहे.

आता 'आब' हा शब्द घ्या. तो आपल्या घरात आणखी कुठेकुठे आहे पाहा. पंजाब म्हणजे पंज-आब, पाच नद्यांचं पाणी. मोत्याची आब म्हणजे मोत्याचं पाणी, त्याची चमक. आणि 'अब्रू'? तो शब्दही इथलाच. आब आणि रू. रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी, चेहऱ्याचं तेज, ती अब्रू. हाच 'रू' रुमालातही आहे : चेहरा पुसायचा तो रुमाल. आपल्या घरांत पोरीबाळींना ऊठसूट ज्या अब्रूचा धाक घातला जातो, तो शब्द फारसी आहे हे धाक घालणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसतं. गुलाब नाव नको म्हणणारा माणूसही 'घराची अब्रू' मात्र बिनदिक्कत म्हणतो.

एक गंमत सांगतो, हसू नका. आपल्या ओळखीचा 'जुलाब' हा शब्द गुलाबाचाच भाऊ आहे. अरबी लोकांनी फारसीतला 'गुलाब' घेतला तेव्हा त्यांच्या भाषेत 'ग' नसल्यामुळे त्याचा 'जुलाब' झाला. गुलाबाच्या गोड पाण्यातून औषध देत. पुढे पाण्याचं नाव औषधाला लागलं आणि पोट साफ करणाऱ्या औषधाला जुलाब म्हणायला लागले. एकाच शब्दाची दोन लेकरं. एक देवाच्या डोक्यावर जाऊन बसलं, दुसरं कुठे गेलं ते सांगायला नको.

'गुल'चा गोतावळा तर आपल्या अंगणातच आहे. उन्हाळ्यात लाल होऊन उठणारा गुलमोहर. हाराला लागणारी गुलछडी. संध्याकाळी उमलणारी गुलबक्षी. गंमत अशी, की गुलमोहर मूळचा आफ्रिकेजवळच्या मादागास्करचा, गुलछडी मेक्सिकोची, गुलबक्षीही तिकडची अमेरिकेकडची. झाडं तिसऱ्याच मुलखातली, नावं मात्र फारसी वळणाची, आणि लावली आहेत आपण चांदूरच्या वाड्यात. गुलकंदही तसाच. गुल आणि कंद. कंद म्हणजे साखर. आणि हा कंद तरी कोण? तो आपल्या संस्कृतातल्या 'खंड'वरून, म्हणजे आपल्या खांडेवरून तिकडे गेलेला. आपली खांड इराणात जाऊन कंद झाली आणि गुलाबाच्या पाकळ्या घेऊन माहेरी परत आली.

'गुलाबी' शब्दाचं तर काय सांगावं. डिसेंबरातली गुलाबी थंडी आपल्याला हवीहवीशी. आणि गुलाबी बोंडअळी? २०१७ च्या हंगामात विदर्भातल्या कपाशीचं तिनं काय केलं, ते आपल्यापैकी कित्येकींनी फुटकी बोंडं हातात घेऊन पाहिलं आहे. म्हणजे हा शब्द लग्नात आहे, स्वयंपाकघरात आहे आणि शेतातल्या दुःखातही आहे. यापेक्षा जास्त 'आपलं' ते काय असतं?

आता पाहू, या 'गुल'नं किती मुलखांत पोरींची नावं सजवली. ताश्कंद हे नाव आपल्याला ठाऊक आहे. लालबहादूर शास्त्रींचं निधन ११ जानेवारी १९६६ रोजी तिथे झालं. ते ताश्कंद आज उझबेकिस्तान देशाची राजधानी आहे. तिथल्या लोकांची उझबेक भाषा तुर्की कुळातली, फारसीपेक्षा वेगळी. पण समरकंद, बुखारा या त्यांच्या जुन्या शहरांत शेकडो वर्षं फारसी बोलली गेली, लिहिली गेली. त्यामुळे बोली तुर्की वळणाची असली तरी मुलींची पुष्कळशी नावं फारसीतून आलेली. आणि त्यांत 'गुल' भरपूर.

गुलनोरा हे तिथलं फार आवडतं नाव. गुल आणि अनार. अनार म्हणजे डाळिंब, तेव्हा गुलनोरा म्हणजे डाळिंबाचं फूल. गुलचेहरा : फुलासारखा चेहरा. यातला चेहरा तर आपलाच शब्द वाटतो. गुलबहोर : वसंतातलं फूल. हा 'बहोर' म्हणजे आपला बहार. उझबेक बोलीत लांब 'आ'चा 'ओ' होतो, एवढंच. आपल्या जिल्ह्यातल्या संत्रावाल्या घरांत 'आंबिया बहार' आणि 'मृग बहार' हे शब्द सकाळ-संध्याकाळ असतात. बागेला पाणी कधी तोडायचं, ताण किती द्यायचा, यावर घरात वाद होतात ते त्या बहारासाठी. ताश्कंदची एखादी गुलबहोर आणि वरुड-मोर्शीचा आंबिया बहार एकाच शब्दाचं दाणं खाऊन मोठे झालेले आहेत.

याच मुलखातून बाबर आला. त्याचा जन्म १४८३ साली अंदिजानला झाला, ते गाव आज उझबेकिस्तानातच आहे. १५२६ साली पानिपतची लढाई जिंकून तो दिल्लीला बसला. त्याच्या तीन लेकी एकाच आईच्या, दिलदार बेगमच्या. नावं ऐका : गुलरंग, गुलचेहरा, गुलबदन. यातली धाकटी गुलबदन आपल्या लक्षात राहायला हवी. तिनं आपल्या भावाच्या, म्हणजे हुमायूनच्या काळाची हकिकत लिहिली. ती लिहावी असं तिला तिच्या भाच्यानं, म्हणजे अकबर बादशहानं सांगितलं होतं. त्या काळातल्या पुरुषांनी लढाया लिहिल्या. गुलबदननं लढायांसोबत घरातल्या बायका लिहिल्या : कोण कोणावर रुसली, कोणाचं लेकरू वाटेत गेलं, लग्नात काय मांडलं होतं. चारशे वर्षांपूर्वी एका आत्यानं घरातली हकिकत लिहून ठेवली म्हणून ती आज आपल्याला ठाऊक आहे. फोन करणाऱ्या आमच्या ताईही आत्याच, हे आमच्या मनात आलं.

पण नावं काय फक्त तिकडूनच इकडे आली? नाही. उझबेक मुलींचं आणखी एक लाडकं नाव आहे निलुफर. फारसीत नीलूफर म्हणजे कमळ. आणि हा शब्द मूळचा आपल्या संस्कृतातल्या 'नीलोत्पल'चा. नीलोत्पल म्हणजे निळं कमळ. तो शब्द इथून इराणात गेला, तिथे त्याचा नीलूफर झाला, तिथून पुढे समरकंद-ताश्कंदला गेला. आज तिथल्या कोण्या घरी बारशासारखा सोहळा होत असेल आणि पोरीला निलुफर नाव ठेवत असतील, तर त्यांच्यात कोणी उठून म्हणेल का, की हे नाव हिंदुस्थानी आहे, ठेवू नका? आपलं कमळ त्यांच्या पाळण्यात आहे, त्यांचा गुलाब आपल्या पाळण्यात. खांडेचं झालं तेच नावांचं झालं.

आता हा शब्द वऱ्हाडात कसा उतरला ते पाहू. आपल्या वऱ्हाडाची राजधानी एके काळी अचलपूर होती. १४९० साली तिथे इमादशाही सुरू झाली. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं ती घेतली. १५९६ मध्ये चांदबिबीला वऱ्हाड मोगलांना द्यावं लागलं. १७२४ नंतर हैदराबादच्या निजामाचा अंमल आला आणि १८५३ साली कारभार इंग्रजांच्या हाती गेला. मोजा, साडेतीनशे वर्षांच्या वर होतात. एवढा काळ दरबाराची भाषा फारसी. दरबाराचा शब्द आधी कचेरीत येतो, कचेरीतून गावच्या पाटलाकडे आणि पाटलाकडून आपल्या ओसरीवर.

म्हणून आपली जमीन फारसी, कागद फारसी, दफ्तर फारसी. खरीप आणि रब्बी मूळचे अरबी, पण आले फारसीचा हात धरून. पडदा, चादर, गालिचा, दरवाजा, शिपाई, सरकार, हे सगळे तिकडचे. माधव जूलियन या नावानं कविता लिहिणाऱ्या माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश काढला, तो मोठा ग्रंथ आहे. मराठीत आलेले फारसी शब्द वेचायला एवढा ग्रंथ लागला.

कोणी म्हणेल, शिवाजी महाराजांनी तर फारसी शब्द काढून संस्कृत शब्द आणले होते. खरं आहे. महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. राज्य स्वतःचं झालं, तेव्हा कारभाराची भाषाही स्वतःची असावी, हा त्यामागचा विचार. पण तो कोश राज्यकारभाराच्या शब्दांचा. माणसांच्या नावांना महाराजांनी हात लावला नाही. खुद्द त्यांच्या वडिलांचं नाव शहाजी. त्यातला 'शहा' हा फारसी शाहच. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला आणि म्हणून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी कथा सांगतात. महाराजांच्या घरात वडिलांचं हे नाव चाललं आणि पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांत शहाजी जन्माला येतात. तिथे कोणी थांबवत नाही.

आणि आपल्या जिल्ह्यात तर याहून जवळचं उदाहरण आहे. संत गुलाबराव महाराज. १८८१ साली लोणी टाकळीला जन्म, राहणं माधानला, म्हणजे त्या दुसऱ्या चांदूरच्या, चांदूर बाजारच्या तालुक्यात. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. तरी ऐकून-ऐकून त्यांनी एवढी विद्या मिळवली, की लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणू लागले. १९१५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी पुण्याला त्यांनी देह ठेवला. एवढ्या आयुष्यात त्यांनी शंभरावर लहानमोठे ग्रंथ सांगितले आणि ते लिहून घेतले गेले.

महाराज स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत. ज्ञानेश्वर माउलींची लेक. आणि श्रीकृष्ण हा पती, हा त्यांचा भक्तीचा भाव होता. त्यासाठी ते कपाळी कुंकू लावत, गळ्यात मंगळसूत्र घालत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडात एका कुणबी घरातला पुरुष उघडपणे म्हणतो, मी लेक आहे. आणि लोक त्याच्या पायावर डोकं ठेवतात. आता त्या लेकीचं नाव काय? गुलाब. माधानला जाणाऱ्या एकाही भक्तानं आजवर म्हटलेलं आम्ही ऐकलं नाही, की महाराजांचं नाव फारसी आहे, ते बदला.

मग गुलाबरावांना चालतं ते गुलाबबाईला का चालू नये?

आमच्या बैठकीत एकीनं याचं उत्तर दिलं. ती म्हणाली, "बाईचं नाव बदलायची सवयच आहे नं आपल्याले." आणि आम्ही सगळ्या गप्प झालो. खरंच की. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहायचं, आणि माहेरची द्वारका सासरची सुमन व्हायची. आमच्यात आठ जणी होतो, त्यांतल्या तिघींची नावं अशी बदललेली. एकीला तर आपलं जुनं नाव कोणी हाक मारली तर पटकन वळून पाहायचीही सवय राहिली नाही. कोणत्याही कायद्यानं लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती केलेली नाही. नाव तेच ठेवता येतं, आडनावही. पण सवय कायद्याहून जुनी.

गुलाब नावाच्या बायकांना कागदपत्रांचा त्रास आणखी वेगळा. मराठीत फूल म्हणून 'तो गुलाब'. त्यामुळे नुसतं गुलाब लिहिलं तर बाई की पुरुष, हे लिहिणाऱ्याला कळत नाही. एका आजींच्या कागदावर कोणीतरी 'पुरुष' लिहून ठेवलं होतं, आणि ते निस्तरायला त्यांना किती चकरा पडल्या ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. रेशन कार्डावर गुलाब, बँकेच्या पुस्तकात गुलाबबाई, सातबाऱ्यावर गुलाबाबाई, असं तर घरोघरी. माणूस एक, नावं तीन. मग वारस लावायची वेळ आली की याच तीन नावांवरून काम अडतं. म्हणून सांगतो, कागद हातात आला की तिथल्या तिथे वाचून घ्या, वाचता येत नसेल तर पोरीकडून मोठ्यानं वाचून घ्या. आधार कार्डावर नाव दुरुस्त करायची संधी साधारणपणे दोनदाच मिळते. तेव्हा आधी घरी बसून एक नाव पक्कं करा आणि मग सगळ्या कागदांवर तेच लावा.

कागदाचीच आणखी एक गोष्ट. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारनं नियम केला आहे. कागदपत्रांत आधी मुलाचं किंवा मुलीचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. इतकी वर्षं आईचं नाव कोणत्या तरी वेगळ्या रकान्यात असायचं, नाहीतर नसायचंच. आता ते लेकराच्या नावाला लागून येणार. म्हणजे बाईचं नाव घरातल्या हाकेपुरतं राहिलेलं नाही. ते शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर, पुढच्या पिढीसोबत चालणार आहे. अशा वेळी तरी आपण आपल्या नावाला जुनाट, परकं, साधंसुधं म्हणून नाक मुरडायला नको.

आणि आजीचं नाव? आजीच्या नावाला अजूनही कुठल्या रकान्यात जागा नाही. नातीच्या नावात ते उतरलं तरच पुढे जाणार.

तर ताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो. तुमच्या आईला एवढं सांगा. तुमच्या नावाचा अर्थ फुलांचं पाणी. शब्द इराणचा आहे, हे खरं, ते लपवायचं कारण नाही. फारसी ही संस्कृतची चुलतबहीण, तिचा 'आब' आणि आपल्या मंत्रांतलं 'आपः' एकाच मुळाचे आहेत. पण नातं निघालं म्हणूनच नाव आपलं होतं, असंही नाही. मुसलमान घरात गुलाब असेल, हिंदू घरात असेल, बौद्ध घरात असेल. नाव एकाचं झालं म्हणून दुसऱ्याचं राहत नाही, असं काही नाही. ज्या बाईनं ते नाव घेऊन सत्तर वर्षं निंदणं-खुरपणं केलं, कपाशी वेचली, चार लेकरं वाढवली, तिचं ते नाव आहे. माधानच्या महाराजांचंही तेच आहे.

ज्यांनी जुनाट म्हटलं, त्यांना सांगा की पोरं शाळेत कोणत्याही नावाला हसतात. आठ दिवस हसतात, मग सवय होते.

आणि घाई करू नका. बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती नावाशिवायही होते. नाव मागाहून घालता येतं, वर्षाच्या आत काही पैसे पडत नाहीत. तेव्हा छकुलीला थोडे दिवस छकुलीच राहू द्या. शेवटी नाव काय ठेवायचं, ते तुमच्या घरानं ठरवायचं, त्यात आम्ही पडणार नाही. गार्गी ठेवा, गुंजन ठेवा, गुलाब ठेवा. एवढंच करा, की गुलाब ठेवलं नाही तर ते परकं आहे म्हणून ठेवलं नाही, असं त्या माउलीला वाटू देऊ नका.

बाकी मैत्रिणींनो, तुमच्याही घरात एखादी गुलाब असेल. रेशमा असेल, म्हणजे रेशीम, तेही फारसी. नाजूका असेल, त्यातला नाजूक फारसी. आज रात्री जेवणं झाल्यावर आपल्या आजीला, सासूला विचारा : माय, तुमचं माहेरचं नाव काय होतं? कोणी ठेवलं? का ठेवलं? जे सांगतील ते एका कागदावर लिहा आणि आमच्याकडे पाठवा. पुढच्या कार्यक्रमात आपण ती नावं वाचून दाखवू, माहेरची आणि सासरची, दोन्ही.